देठाला धरा

बोरस्ते सिस्टरांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. ‘हात पुढे कर,’ म्हणाल्या. मी केले. त्या खाली वाकल्या आणि त्यांनी माझे हात हुंगले. आधी उजवा तळवा, मग डावा, मग बोटांची टोकं. मग ताठ उभ्या राहून म्हणाल्या, ‘सकाळी मेथीचा पराठा खाल्लास. नंतर साबणानं हात धुतलेस. पण इथं आत येताना दाराजवळची बाटली दाबली नाहीस. जा, दाबून ये.’

मी हादरले. घरच्या माणसांनीही माझे हात असे कधी हुंगले नव्हते. मी मुळातच कमी बोलते. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी बोलायची दोन वाक्यं घरून पाठ करून आले होते, तीही विसरून गेले. आणि सगळ्यात धक्कादायक गोष्ट म्हणजे पराठ्याचं बरोबर होतं.

नाशिकमधल्या लहान मुलांच्या एका रुग्णालयात मी प्रयोगशाळेत काम करते. कुठल्या मुलाच्या अंगात कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधाला दाद देतो, हे शोधायचं माझं काम. एक आजार घेऊन आलेलं मूल जाताना दुसरा घेऊन जाणार नाही हे बघणं बोरस्ते सिस्टरांचं काम. त्यासाठी त्या वॉर्डावॉर्डातून दिवसभर फिरत. त्यांचा सगळ्यात जास्त मुक्काम असे तो एनआयसीयूमध्ये, म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं जिथे काचपेट्यांत ठेवतात तिथे. उंच, सडसडीत बाई. हात कायम ॲप्रनच्या खिशात. त्या येताना दिसल्या की नर्स, डॉक्टर, मामा, मावश्या, सगळे आपोआप नळाकडे वळत.

त्या निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या. भावाचं तिथे पॅकहाउस, द्राक्षं निवडून खोक्यांत भरायचं. सिस्टरांच्या डोक्यात जगातली सगळी शिस्त त्या पॅकहाउसमधून आली होती. एरवी त्या बरं शहरी बोलत, पण रागावल्या की बोली थेट निफाडला जाई.

‘आमच्या भावाकडं येऊन बघा एकदा! युरोपला जाणारा माल. बायकांच्या डोक्याला टोप्या, हातात बांगडी नाय, बोटाला नख नाय. घड कुठं धरायचा? देठाला! मण्याला बोट लागलं, वरची पांढरी भुकटी गेली, का माल बाद. कुठल्या गोऱ्याच्या तोंडात जायच्या द्राक्षाला एवढं जपतो आपण, आणि इथं किलोभराच्या पोराचा कोणीबी येऊन गालगुच्चा घेतो!’

‘देठाला धरा’ हा त्यांचा मंत्र होता. विनाकारण हात लावू नका, लावलाच तर कमीत कमी लावा, असा त्याचा अर्थ. शिकाऊ डॉक्टर काचपेटीला टेकला की ‘देठाला धरा’. कुणाचा स्टेथोस्कोप बाळाच्या चादरीवर लोळला की ‘देठाला धरा’. मी रिपोर्टचा कागद जरा घट्ट पकडला होता तरी ‘देठाला धरा’. एका नवीन इंटर्नने अगदी निरागसपणे विचारलं, ‘सिस्टर, बाळाचा देठ म्हणजे नाळ का?’ पुढे तो रुग्णालय सोडून जाईपर्यंत त्या त्याला ‘नाळ’ अशीच हाक मारत राहिल्या.

माझं नाव त्यांनी ‘कॉन्व्हेंट’ ठेवलं. कारण लिफ्टमध्ये मी त्यांना ‘एक्स्क्यूज मी’ म्हटलं होतं. ‘ए कॉन्व्हेंट, मूग गिळलेत का? ते जंतू बोलत नाहीत, तू तरी बोलत जा.’ मी मान डोलवायचे. ‘मान नको. तोंड.’

आज्यांशी त्यांचं उभं वैर. नातवाच्या मनगटाला काळा दोरा बांधला नाही तर त्याला नजर लागेल, असं कुठल्याही आजीला वाटतं. सिस्टरांना त्या दोऱ्यात फक्त ओल, मळ आणि जंतूंची वस्ती दिसे. खिशातून कात्री निघे आणि दोरा खाली. एकदा घोटीची एक आजी ओरडायला लागली, ‘अहो, दोरा तोडला! माझ्या नातवाला नजर लागंल ना!’ सिस्टर शांतपणे म्हणाल्या, ‘आजी, दिवसभर त्याच्यासमोर मी उभी असते. माझी नजर इतकी वाईट हाय, का दुसऱ्या कुणाची लागायची हिंमत नाय.’ आजीने त्यांच्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला ते पटलं असावं. ती जाऊन बाकावर बसली.

मोठ्यांनाही सोडत नसत. एका मासिक बैठकीच्या आधी त्यांनी रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांच्या पेनाला गुपचूप एक पावडर चोळून ठेवली. ही पावडर साध्या उजेडात दिसत नाही, जांभळ्या बॅटरीखाली चमकते. हात नीट धुतलेत की नाही, हे शिकवायला ती वापरतात. बैठक सुरू झाली, चहा आला, सामोसे आले. मग सिस्टर उठल्या, त्यांनी खोलीतले दिवे घालवले आणि बॅटरी लावली. साहेबांची बोटं चमकत होती. मोबाइल चमकत होता. अर्धा खाल्लेला सामोसा चमकत होता, आणि त्याच्या वरच्या बाजूला मिशी. बॅटरी हळूहळू फिरत डॉ. देवरे सरांवर आली. सर नवजात विभागाचे प्रमुख, सटाण्याचे, सहा फुटी गडी. त्यांच्या पाठीवर पाच बोटं लखलखत होती. साहेबांनी मघाशी दिलेली शाबासकी.

‘पेन एकाचं, प्रसाद सगळ्यांना,’ एवढंच बोलून सिस्टरांनी दिवे लावले आणि खाली बसल्या. त्या दिवशी उरलेल्या सामोशांना कुणी हात लावला नाही. मी कोपऱ्यात बसून स्वतःची बोटं तपासत होते.

पण माझी बोबडी वळली ती फळवाटपाच्या दिवशी. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की रुग्णालयात फळं वाटायची, ही आपल्याकडची पद्धत. एक माजी नगरसेवक हार घालून, केळ्यांच्या पाट्या, फोटोग्राफर आणि पंचवीस-तीस कार्यकर्ते घेऊन थेट एनआयसीयूच्या दाराशी आले. बाकीच्या वॉर्डांत म्हणे आधीच कुणीतरी वाटून गेलं होतं.

‘केळी कुणाला देताय?’ सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या. ‘आतल्या पोरांना दात नाहीत. निम्म्यांना दूध गिळता येत नाही.’

‘फोटोपुरतं हो, सिस्टर,’ एक कार्यकर्ता म्हणाला.

‘जंतू फोटोपुरता येतो का?’

नगरसेवक साहेब समजूतदार होते. म्हणाले, मी एकटाच आत जातो, लांबून नमस्कार करतो. सिस्टर म्हणाल्या, जा. बूट काढा, घड्याळ काढा, कोपरापर्यंत हात धुवा, अंगठ्या काढा.

‘सिस्टर, हा पुष्कराज आहे. गुरुजींनी सांगितलंय, काढायचा नाही.’

‘मग गुरुजींना पाठवा आत. तुम्ही थांबा बाहेर.’

मी नमुन्यांचा ट्रे घेऊन भिंतीशी सरकले. आज आपल्या डोळ्यांदेखत सिस्टरांची नोकरी जाणार, असं मला वाटलं. पण साहेब नळाशी गेले, साबण लावून पुष्कराज ओढायला लागले. तो काही निघेना. फोटोग्राफरने तेवढेच फोटो काढले. दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला, कोपरापर्यंत फेसाने भरलेले साहेब, आणि खाली ‘हात धुण्याबाबत जनजागृती’. केळी पायऱ्यांवर बसलेल्या बापांनी खाल्ली.

आणि मग गेल्या हिवाळ्यात, अशा या बाईंच्या नाकाखाली, एनआयसीयूमध्ये साथ सुरू झाली.

आधी एका बाळाच्या मानेच्या घडीत पू भरलेल्या बारीक पुटकुळ्या आल्या. मग दुसऱ्याच्या जांघेत. मग तिसऱ्याच्या. जंतू वाढवायच्या माझ्या काचेच्या बशीत सोनेरी पिवळे ठिपके उगवले. हा जंतू तसा ओळखीचा. कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात तो राहतो आणि त्यांना काहीही करत नाही. पण ज्या बाळाची कातडी अजून पुरती तयार झालेली नाही, त्याच्या अंगात तो शिरला तर रक्तापर्यंत जाऊ शकतो. सगळ्या बाळांमधला जंतू एकच होता. त्याच औषधांना दाद देणारा, त्याच औषधांना न जुमानणारा. म्हणजे तो एकाच ठिकाणाहून येत होता.

मग तो सात नंबरच्या पेटीतल्या मुलीच्या रक्तात सापडला. ती पेठकडच्या एका पाड्यावरची, सगळ्यांत लहान. तिची आई बाळंतपणात बीपी वाढून दुसऱ्या रुग्णालयात पडलेली. बाप दोन्ही रुग्णालयांच्या मध्ये फेऱ्या मारायचा. देवरे सर मला म्हणाले, ‘अजून एक बाळ निघालं तर विभाग बंद करावा लागेल. मग अशी पोरं मुंबईला पाठवायची. त्यातली किती कसारा घाट उतरतील, देव जाणे.’

सिस्टर पेटून उठल्या. नळ तपासले, साबणाच्या बाटल्या तपासल्या, वजनाचा काटा, दुधाच्या वाट्या, दारांच्या मुठी. रोज सकाळी माझ्या टेबलावर नमुन्यांची रांग. ‘ए कॉन्व्हेंट, सापडला का गं चोर?’ ‘नाही, सिस्टर.’ ‘आपल्यातलाच कोणीतरी हाय. कोणीतरी पोरांना हात लावतंय.’ नर्सेस रडकुंडीला आल्या होत्या. शेवटी सिस्टरांनीच ठरवलं, सगळ्यांच्या नाकातले आणि हातांवरचे नमुने घ्यायचे. ‘पहिला माझा. माझ्यापासून सुरुवात झाली का कोणी कुरकुर करायचं नाय.’

त्यांनी खिशातून हात काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि मी दचकले. इतक्या दिवसांत मी ते हात असे उजेडात पाहिलेच नव्हते. बोटांच्या सांध्यांवर उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा. काही ठिकाणी लाल, काही ठिकाणी ओल्या.

‘सिस्टर, हे काय?’

‘काय म्हणजे? दिवसभर साबण आणि स्पिरिट. त्यात ही थंडी. घे पटकन, नाटकं नको.’

मी नमुना घेतला. ज्या हातांवर भेगा असतात त्यांना वरून कितीही स्पिरिट चोळलं तरी जंतू आत टिकून राहतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण ते वाक्य आणि समोरचे हात यांची सांगड घालायला माझं मन तयार नव्हतं. बशीत सोनेरी ठिपके उगवले तेव्हा मला वाटलं माझीच काहीतरी चूक झाली. मी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच. तोच जंतू. बाकी कुणाकडेही तो नव्हता.

देवरे सर आधी हसले. मग रिपोर्ट वाचला आणि खुर्चीत बसले. ‘अगं, पण बोरस्ते सिस्टर बाळांना हातच लावत नाहीत. त्या फक्त दुसऱ्यांवर ओरडतात. जंतू काय, ओरडण्यातून गेला?’ मग खाली मान घालून म्हणाले, ‘त्यांना तू सांग. मला नाही जमायचं.’

दुपारच्या जेवणानंतर एनआयसीयूमध्ये एक तास शांततेचा असतो. दिवे मंद करतात, काचपेट्यांवर चादरी घालतात, तपासण्या थांबवतात. बाळांनी झोपावं म्हणून. हा नियमही सिस्टरांचाच. त्या वेळी एक नर्स शेजारच्या खोलीत मॉनिटरपाशी असायची आणि आत सिस्टर स्वतः थांबायच्या. ‘तुम्ही जेवून घ्या, मी बसते,’ म्हणायच्या. सगळ्यांना वाटायचं, त्या धूळ शोधत असणार.

मी दार उघडलं. सात नंबरच्या पेटीवरची चादर अर्धी बाजूला सारलेली होती. सिस्टर पेटीशी वाकल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात गोल खिडक्यांतून आत होते. उघडे, हातमोज्यांशिवाय. एका तळव्यात मुलीचं डोकं, दुसऱ्यात दोन्ही पावलं. त्या अगदी हळू बोलत होत्या.

‘आई येनार हाय तुझी. बीपी उतरली का येती बघ. तवर मी हाय. मी काय तुझी आई नाय, पण हात तर हाय ना?’

त्यांना माझी चाहूल लागली. ‘शांत तास आहे, कॉन्व्हेंट. बाहेर.’

‘सिस्टर, हात काढा.’

‘काय?’

‘हात बाहेर काढा. रिपोर्ट आलाय. तुमचा आहे.’

इतक्या स्पष्ट आवाजात मी त्या रुग्णालयात कधी बोलले नव्हते. त्यांनी घाई केली नाही. मुलगी जागी होऊ नये म्हणून एकेक बोट सोडवत हात बाहेर काढले, कोपराने खिडक्या लावल्या. मग दोन्ही हात अंगापासून लांब, हवेत धरून उभ्या राहिल्या.

‘नाकातला?’

‘नाकातला. आणि हातांचाही. मी दोनदा लावून पाहिला.’

‘तोच हाय?’

‘तोच.’

कुठल्यातरी पेटीचं यंत्र मंद वाजत होतं. सिस्टरांनी एकदा सगळ्या खोलीभर पाहिलं. ‘दोन नंबर,’ त्या म्हणाल्या. ‘पाच नंबर. नऊ. आणि ही.’ त्या आजारी पडलेल्या बाळांचे नंबर सांगत नव्हत्या. ज्यांच्या ज्यांच्या आया येऊ शकत नव्हत्या, त्यांचे सांगत होत्या. यादी तीच होती.

‘तुम्हीच तर म्हणता, कुणी हात लावू नका,’ मी म्हणाले.

‘म्हणतेच.’ त्या सात नंबरच्या पेटीकडे वळल्या. ‘ज्यांच्या आया येतात त्यांना आई छातीशी धरते. या पोरांना दिवसभरात हात लागतो तो सुई टोचायला. रक्त काढायला, सलाईन लावायला. हात म्हणजे दुखणं, एवढंच शिकतील गं ती. हातमोजे घालून बघितलं मी. अंग चोरतात. मग रोज चोळून चोळून धुवायचे आन् मगच...’ त्यांनी हातांकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, ‘फोन लाव देवरेंना. माझ्या कानाशी धर, मी कशाला शिवणार नाय.’ मी त्यांच्यापेक्षा बुटकी. टाचा उंचावून फोन धरला.

‘सर, सोर्स सापडला. लिहून घ्या, बोरस्ते. हो, मीच. नाय, मस्करी नाय करत. हॅलो? सर, रडू नका, ड्युटीवर आहात.’

स्वतःला शिक्षाही त्यांनीच सुनावली. दारावरच्या सुरक्षारक्षकाला बजावलं, मला आत सोडायचं नाही. तो बिचारा घाबरला. ‘सिस्टर, तुम्हालाच अडवू?’ ‘मला सगळ्यात आधी.’ नाकाला मलम, हातांना मलम, वर पांढरे सुती मोजे. आणि देवरे सरांकडून एक नवा नियम मंजूर करून घेतला. आई नसेल तर बाप, आजी, मावशी, घरचं कुणीही चालेल. हात धुवायचे आणि बाळापाशी बसायचं. आयुष्यभर ज्यांना हाकललं त्या आज्यांना त्या आता बाकावरून उठवून आत पाठवायला लागल्या. आज्यांचा विश्वास बसेना.

नवीन बाळ आजारी पडलं नाही. सात नंबरच्या रक्तातून जंतू गेला, मात्र त्याला खूप दिवस लागले. तिला पेटीबाहेर घ्यायचं ठरलं तेव्हा तिची आई अजून अंथरुणावरून उठली नव्हती. बाप आला, पण दारातच अडला.

‘मी नाय धरायचो. हात लय खरखरीत हायत माझे. काय तुटलंबिटलं तर?’

‘दादा, तुमचे हात एकदम चांगले हायत,’ सिस्टर म्हणाल्या. ‘आत्ता या दवाखान्यात वाईट हात माझेच. जा तुम्ही.’

तो आत गेला. नर्सने त्याला सदरा काढायला लावला, मुलगी त्याच्या छातीवर ठेवली आणि दुसऱ्या बाळाकडे गेली. तो तसाच दगडासारखा बसला. श्वाससुद्धा घेत नव्हता. हात कुठे ठेवायचे, त्याला कळेना. त्याने मान वळवून काचेकडे पाहिलं.

काचेबाहेर सिस्टर उभ्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी अंगावरची शाल काढली, तिची गुंडाळी केली आणि छातीशी आडवी धरली. एक हात वरच्या टोकाला, डोक्याखाली धरावा तसा. दुसरा खालच्या टोकाला. त्याला दिसेल असं, हळूहळू. त्याने पाहिलं आणि तसंच केलं. सिस्टरांनी पांढऱ्या मोज्यातल्या हाताने शालीची पाठ थोपटली. आत त्याने मुलीची पाठ थोपटली. त्या थांबल्या की तो थांबे. त्या पुन्हा सुरू करत, तोही करी. मुलीने त्याच्या छातीवर तोंड घासलं आणि ती निवांत झाली.

मग त्याने काचेकडे बघायचं सोडून दिलं. मान खाली घालून तो तिच्याशी काहीतरी बोलायला लागला. त्याचा हात आता आपोआप चालत होता.

‘सिस्टर, जमलं त्याला,’ मी म्हणाले.

‘हं,’ त्या म्हणाल्या, आणि शाल थोपटत राहिल्या.